कंबरेतून पायात उतरणारी कळ : पडून राहायचं की हळूहळू उठायचं?



वावरातून नुकत्याच घरी आलेल्या, चुलीपुढं भाकरी थापता थापता कान देणाऱ्या आणि बचत गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या ताया-मावश्यांना आमचा नमस्कार. आजचा विषय आहे सायटिका. नाव इंग्रजी आहे, दुखणं मात्र आपल्या चांगल्या ओळखीचं आहे.

कापसाची वेचणी सुरू झाली की अमरावती-अकोल्याच्या गावांमधून ही तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते. "बाई, कंबरेत उसण भरली अन् थेट पायात उतरली. करंट लागल्यावानी होते. ना बसू देत, ना निजू देत." मग घरात दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "आता हलू नको, महिनाभर पडून राय." दुसरा म्हणतो, "हंगाम चालला, मजुरी बुडते, ऊठ." या दोन सल्ल्यांच्या मधून एक वाट जाते. बेतानं, मोजून, रोज थोडी थोडी हालचाल करत जाण्याची ती वाट आहे. त्या वाटेनं कसं निघायचं ते आज पाहू.

ही कळ येते कुठून?

आपल्या शरीरात एक फार मोठी नस आहे. कंबरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या मुळ्या एकत्र येऊन ती बनते. जाडीला जवळपास आपल्या बोटाएवढी. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूनं खाली जाते आणि तिच्या फांद्या पोटरी, टाच, पायाच्या बोटांपर्यंत पोचतात. दोन्ही पायांना अशी एक-एक नस असते. तिच्या मुळाशी दाब आला किंवा सूज आली, की दुखतं मात्र तिच्या वाटेवर कुठंही. म्हणून बिघाड कंबरेत असतो आणि बाई पोटरी चोळत बसते.

दाब कशानं येतो? आपल्या दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट, आत मऊ गर. पुरणपोळी लाटताना एका बाजूनं जास्त दाब पडला की दुसऱ्या कडेनं पुरण बाहेर डोकावतं. तसाच या गादीतला गर कधी कधी मागच्या बाजूला सरकतो आणि नसेच्या मुळाला टेकतो. गादी आणि सायटिका यांचं हे नातं अमेरिकेतल्या बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली नीट दाखवून दिलं. दुखणं मात्र फार जुनं आहे. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. दुखणाऱ्या माणसाची चाल गिधाडासारखी लंगडत होते, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

साठीच्या पुढच्या बायांमध्ये आणखी एक कारण असतं. मणक्यातून नसा जाण्याची वाट वयानं अरुंद होते. अशा मावशीला चालताना पाय भरून येतात, आणि खाली बसलं किंवा पुढं वाकलं की बरं वाटतं. गादी सरकलेल्या बाईचं बहुधा उलट असतं. तिला वाकल्यावर आणि बसल्यावर जास्त दुखतं. हा फरक लक्षात ठेवा, व्यायाम निवडताना तो कामी येणार आहे.

सायटिकाची कळ बहुतेक वेळा एकाच पायात असते. खोकलं, शिंकलं, शौचाला जोर केला की ती वाढते. मुंग्या येतात, पायाचा एखादा भाग बधिर वाटतो, आग होते. नुसती कंबर दुखत असेल आणि पायात काही नसेल, तर ती सायटिका नाही. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पायात उतरणारी कळ गर्भपिशवीमुळं आहे असं कुणी सांगितलं, तर लगेच ऑपरेशनला होकार देऊ नका. पिशवी काढल्यानं मणक्यातली दबलेली नस मोकळी होत नाही.

आता चांगली बातमी. बाहेर आलेला हा गर बऱ्याच जणींमध्ये हळूहळू आपोआप आकसतो, शरीर तो शोषून घेतं. बहुतेक बायांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत बरंच कमी होतं, तेही ऑपरेशनशिवाय. हे दिवस कसे काढायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी धोक्याच्या खुणा बघा

व्यायामाचं बोलण्याआधी हे ऐकून घ्या. पुढच्यापैकी काहीही असेल तर व्यायाम करू नका, दवाखान्यात जा.

लघवी तुंबली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला. मांड्यांच्या मध्ये, लघवीच्या आणि संडासच्या जागेभोवती बधिरपणा आला. दोन्ही पायांतली ताकद गेली. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं. १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवा. इथं एका रात्रीचा उशीरही महागात पडतो. ही गोष्ट सांगायला बायांना लाज वाटते, म्हणून सासूबाईंनी, जावेनं स्वतःहून विचारावं.

पाऊल लुळं पडून चप्पल आपोआप निसटू लागली, टाचेवर उभं राहता येईना, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हे मणक्याच्या क्षयरोगाचंही लक्षण असू शकतं. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, पडल्यावर किंवा मार लागल्यावर दुखणं सुरू झालं असेल, पाळी गेलेल्या बाईची कंबर अचानक जोरात धरली असेल, तरीही आधी तपासणी. गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करावा.

पडून राहिलं तर?

पूर्वी डॉक्टरसुद्धा सांगायचे, सायटिका झाला की फळीवर झोपा. मग नेदरलँड देशात डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. सायटिकाच्या १८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे अंथरुणावर राहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, जमेल तसं हिंडा-फिरा, कामं करा. १९९९ साली निकाल छापून आला. दोन आठवड्यांनी अंथरुणावरच्या १०० पैकी ७० जणांना आणि फिरत्या १०० पैकी ६५ जणांना बरं वाटत होतं. संशोधनाच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नव्हता. १२ आठवड्यांनी तर दोन्हीकडं १०० पैकी ८७ जण सुधारले होते. म्हणजे दोन आठवडे पडून राहून जास्तीचं काही हाती लागलं नाही.

उलट पडून राहिल्यानं मांड्या आणि पाठीचे स्नायू ढिले पडतात, पोट साफ होत नाही, मन खचतं. आणि आपल्या घरात पडून राहिलेल्या बाईला बोलणी बसतात, तो भाग वेगळाच. कळ फार असेल तेव्हा एक-दोन दिवस आराम जरूर करा. त्या दिवसांतही तासा-दोन तासांनी उठून अंगणात चार पावलं टाका.

"दिवसभर राबतो, आम्हाले कायचा व्यायाम?"

हा प्रश्न आम्हाला गावोगावी विचारला जातो आणि तो रास्त आहे. पहाटे उठून सडा-सारवण, पाणी, भाकरी, मग वावरात निंदण नाहीतर वेचणी, परत येताना डोक्यावर काड्या. खारपाण पट्ट्यातल्या गावांत तर विहिरीचं पाणी खारट, म्हणून पिण्याचा गुंड लांबून आणावा लागतो. एवढं केल्यावर पुन्हा व्यायाम?

पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. निंदणाला बसलेली बाई तास न् तास एकाच ठेवणीत असते. कंबर एकाच बाजूला वाकलेली. दुखलं तरी ओळ संपेपर्यंत थांबता येत नाही, कारण बाकीच्या पुढं जातात. वेचणीत किलोवर पैसे मिळतात, म्हणून कंबरेला बांधलेली ओटी जड होईपर्यंत बाई थांबत नाही. कामाचा वेग मालक ठरवतो, हंगाम ठरवतो. व्यायामाचा वेग मात्र आपण ठरवतो. तो थोडा असतो, सगळ्या बाजूंनी असतो आणि दुखलं की थांबवता येतो. कामानं जो भाग नुसता ताणला जातो, त्याला व्यायाम मोकळं करतो आणि जो भाग वापरातच येत नाही, त्याला ताकद देतो.

आपल्या भागात व्यायाम म्हटलं की लोकांना आखाडा आठवतो. त्याला कारणही आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. इथल्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ आणि कसरती जगाला दाखवल्या. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण जोर-बैठका आणि मल्लखांब म्हणजेच व्यायाम, असं मनात बसल्यामुळं बायांना वाटतं की हे आपलं काम नाही. आम्ही सांगतो तो व्यायाम घरातल्या गोधडीवर, लुगड्यात किंवा गाऊनमध्ये, दहा मिनिटांत होतो.

किती दुखलं तर थांबायचं? आण्यांचा हिशेब

दवाखान्यात आपण सांगतो ना, "बारा आणे फरक आहे डॉक्टर"? तोच हिशेब इथं वापरा. सगळ्यात भयंकर दुखणं म्हणजे १६ आणे, काहीच न दुखणं म्हणजे ० आणे.

व्यायामाआधी स्वतःला विचारा, आज किती आणे? समजा ६ आणे. व्यायाम करताना ते ७-८ पर्यंत गेलं आणि थांबल्यावर अर्ध्या तासात परत ६ वर आलं, तर घाबरायचं कारण नाही. एवढं दुखल्यानं नसेला इजा होत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते १० आणे झालं असेल, तर काल जास्त झालं. आज व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. १२ आण्यांच्या वर दुखत असेल त्या दिवशी फक्त आरामाच्या पद्धतीनं झोपा आणि थोडं चाला.

दुसरी खूण आण्यांपेक्षाही महत्त्वाची आहे. दुखणं कुठल्या दिशेनं सरकतं ते बघा. पोटरीतली कळ वर येऊन मांडीत थांबली, मांडीतली कुल्ल्यात आली, तर ती सुधारणा समजा, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. पण कळ खाली उतरत गेली, मांडीतली पोटरीत, पोटरीतली बोटांत, तर तो व्यायाम तुमचा नाही. लगेच थांबवा. एकीला जो व्यायाम मानवतो तो दुसरीला मानवेलच असं नाही. तुमचा पायच तुम्हाला सांगेल.

सुरुवातीचे व्यायाम

सकाळी उठल्या उठल्या करू नका. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या असतात. तास-दीड तास हालचाल झाल्यावर, जेवणाआधी करा. श्वास रोखू नका, झटका देऊ नका.

पहिला, आराम. खाली गोधडीवर पाठीवर झोपा. पोटऱ्या खाटेवर किंवा खुर्चीवर ठेवा, गुडघे काटकोनात. ५ ते १० मिनिटं सावकाश श्वास. रात्री कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा गुंडाळलेलं लुगडं ठेवा.

दुसरा, कंबर टेकवणं. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर. कंबरेखाली जी पोकळी राहते ती पोट आत घेऊन हळूच जमिनीला टेकवा. ५ आकडे मोजा, सोडा. ५ वेळा करा, जमेल तसं १० पर्यंत न्या.

तिसरा, पोटावर झोपणं. हा बहुधा गादी सरकलेल्या बायांना मानवतो. पोटावर दोन मिनिटं नुसतं पडून राहा. कळ खाली उतरत नसेल तर दोन-तीन दिवसांनी कोपरांवर टेकून छाती थोडी वर घ्या. कंबर सैल, पोट जमिनीवरच. अर्धा मिनिट थांबून खाली या. ३ ते ५ वेळा. ज्या मावश्यांना पुढं वाकल्यावर बरं वाटतं, त्यांनी हा करू नये. गरोदर बायांनीही नाही.

चौथा, एक गुडघा छातीकडं. हा त्या मावश्यांसाठी. पाठीवर झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी हळूच छातीकडं आणा, १० आकडे, सोडा. मग दुसरा. दोन्ही बाजूंनी ३-३ वेळा. गादी सरकलेल्या बायांना सुरुवातीला यानं त्रास होऊ शकतो, म्हणून त्यांनी घाई करू नये.

पाचवा, नस मोकळी करणं. खाटेच्या काठावर ताठ बसा. दुखरा पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ करा, ताण जाणवायला लागला की तिथंच न थांबता परत खाली आणा. ५ ते १० वेळा. पाय वर धरून ताणत ठेवायचा नाही. विहिरीचा दोर कप्पीवरून जसा सरकतो, तशी नस आतल्या आत सरकली पाहिजे. मुंग्या वाढल्या तर सोडून द्या.

सहावा, पूल. हा दुखणं निम्म्यावर आल्यावर. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, कुल्ले जमिनीपासून वीतभर उचला, ३ आकडे, खाली. ५ वेळा. यानं कुल्ल्यांची आणि पाठीची ताकद वाढते. वावरात उठबस करायला हीच ताकद लागते.

पहिले दोन-तीन व्यायाम आठवडाभर करून मगच पुढचे जोडा. उभं राहून वाकून अंगठे धरणं, दोन्ही पाय सरळ एकदम उचलणं, झोपेतून उठून बसायची कसरत आणि सूर्यनमस्कार हे सध्या नकोत. टीव्हीवर पाहून योगासनं चालू करणाऱ्या तरुण मुलींनी हे विशेष ऐकावं.

सगळ्यात स्वस्त औषध : चालणं

पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यानं ५ मिनिटं, दिवसातून तीन वेळा. डोक्यावर काही नाही, कडेवर लेकरू नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. महिना-दीड महिन्यात सलग २०-३० मिनिटांपर्यंत पोचा. पाय भरून आले तर पारावर, ओट्यावर बसा आणि पुन्हा चाला. अकोल्याच्या उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत किंवा दिवेलागणीला. पायात घट्ट बसणारी, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत, सपाता नकोत.

ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर एक अभ्यास झाला. तो २०२४ साली छापून आला. ज्यांना चालण्याचा हळूहळू वाढणारा कार्यक्रम आणि मार्गदर्शन मिळालं, त्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांना मिळालं नाही त्यांची ११२ दिवसांतच धरली. हा अभ्यास कंबरदुखीचा आहे, फक्त सायटिकाचा नाही. तरी बरं झाल्यावरही चालणं सोडायचं नाही, एवढं त्यातून नक्की शिकावं.

कामात काय बदलायचं?

रोज दहा मिनिटं व्यायाम आणि दहा तास पूर्वीसारखंच वाकणं, असं केलं तर व्यायाम हरतो. म्हणून कामही थोडं बदलावं लागेल.

निंदताना दर अर्ध्या तासानं उभ्या राहा, हात कंबरेवर ठेवून ५ वेळा मागं झुका. ज्यांना मागं झुकल्यावर त्रास होतो त्यांनी चार पावलं चालावं. वेचताना ओटी भरायची वाट पाहू नका, अर्धी झाली की रिकामी करा. खालची बोंडं वेचताना एक गुडघा टेकवा. कापसाचं गाठोडं एकटीनं उचलू नका, दोघी मिळून उचला, कंबरेतून न वाकता गुडघ्यातून. पाण्याचा एक भरलेला गुंड नेण्यापेक्षा दोन अर्ध्या फेऱ्या बऱ्या. पऱ्हाट्या उपटायचं काम दुखणं पूर्ण जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला द्या, कारण त्यात वाकणं आणि झटका दोन्ही असतात. कपडे, भांडी पाटावर बसून घासण्यापेक्षा उंच दगडावर, ओट्यावर उभ्यानं घासता येतात का पाहा.

मोटरसायकलवर एका बाजूला बसून खड्ड्यांतून जाणं या दिवसांत टाळा. एसटीत बसावं लागलं तर मागच्या सीटवर बसू नका, तिथं हादरे जास्त.

आणि पाणी प्या. वावरात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. मग पोट साफ होत नाही, शौचाला जोर करावा लागतो आणि त्या जोरानं कळ थेट पायात जाते.

पट्टा, एमआरआय, गोळ्या आणि पायाळू

कंबरपट्टा लावून बाया महिने न् महिने काम करतात. जुनाट कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि माहिती देण्यावर भर आहे. पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणं हे उपाय नेहमीसाठी वापरू नयेत असं त्यात म्हटलं आहे.

एमआरआयमध्ये "गादी सरकली" असं आलं की घरादाराचा धीर सुटतो. पण कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले, तरी विशीतल्या १०० पैकी ३० आणि ऐंशीतल्या १०० पैकी ८४ जणांमध्ये गादी फुगलेली दिसते. फोटोत दिसलेली प्रत्येक गादी दुखत नसते. धोक्याच्या खुणा असतील किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तेव्हा एमआरआय लागतो. गटातून कर्ज काढून आधीच करायची घाई नको.

दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर तेवढे दिवस, जेवणानंतर घ्या. मेडिकलमधून आणून रोज खाऊ नका, त्यानं पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होते. बीपी, शुगर असलेल्यांनी जास्त जपावं. गरम पाण्याची पिशवी, हलक्या हातानं तेल लावणं याला हरकत नाही. बधिर जागी मात्र चटका बसतो आणि कळत नाही, म्हणून पिशवी आधी हाताला लावून पाहा.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची आपल्याकडं रीत आहे. नुसता पाय लावला तर नुकसान नाही. पण कुणी पाठीवर उभं राहणं, जोरात मुरगळून "नस बसवणं", डाग देणं हे होऊ देऊ नका. सरकलेली गादी झटक्यानं आत बसत नाही, दुखापत मात्र वाढू शकते.

ऑपरेशनचंही भय नको. पायाची ताकद जात असेल, किंवा दोन-तीन महिने सगळं करूनही कळ असह्य असेल, तर डॉक्टर ते सुचवतात. त्यानं पायाची कळ लवकर कमी होते. धोक्याच्या खुणा नसतील तर थांबणाऱ्या बहुतेक जणी वर्षभरात तितक्याच बऱ्या होतात. तेव्हा निवड शांतपणे, सगळं विचारून करा.

कुठं जायचं?

आधी गावातल्या आशाताईंना सांगा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. तिथून पुढं ग्रामीण रुग्णालय, अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे आपला इर्विन दवाखाना, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर फिजिओथेरपी विभाग कुठं आहे ते विचारा आणि तुमच्यासाठी कोणते व्यायाम, हे एकदा तरी समोर करून दाखवून घ्या.

गटानं काय करावं?

आम्ही इतकं सांगितलं, पण खरी अडचण आम्हाला माहीत आहे. बाईला बरं व्हायला दहा आठवडे लागतात आणि घर तिला दहा दिवसही देत नाही. ती एकटी घरात म्हणाली, "मी गुंड उचलणार नाही," तर तिला कामचुकार म्हणतात. गटानं म्हटलं तर ऐकलं जातं.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. एक, गटात कुणाच्या पायात कळ आहे ते विचारा, धोक्याच्या खुणा मोठ्यानं वाचून दाखवा. दोन, जिला त्रास आहे तिचं पाणी आणि गाठोडं सहा आठवडे कोण उचलणार, याची पाळी लावा. वेचणीला एकत्र जात असाल तर तिला जड काम न देण्याचं मुकादमाशी आधीच बोलून घ्या. तीन, संध्याकाळी सगळ्या मिळून चालायला निघा. एकटी बाई फिरायला निघाली तर लोक हसतात, दहा जणी निघाल्या तर रस्ता देतात. बचतीच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येकीचे आणे लिहा, दर आठवड्याला. १२ चे १० झाले, १० चे ६ झाले, हे डोळ्यांनी दिसलं की व्यायाम सुटत नाही. चार-सहा आठवड्यांनीही आकडा हललाच नाही, तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडं जा.

आज रात्री फक्त एक करा. पोटऱ्या खाटेवर ठेवून दहा मिनिटं शांत पडा, आणि उद्या पाच मिनिटं चाला. एवढ्यानं सुरुवात होते.

तुमचे प्रश्न गटाच्या अध्यक्षताईंकडं लिहून द्या, पुढच्या वेळी त्यांची उत्तरं देऊ. तोवर सांभाळून राहा, एकमेकींना सांभाळा. नमस्कार!